समुद्रापारचा तो, उंबऱ्यातली ती

1909 साल विनायक दामोदर सावरकरांवर घावामागून घाव घालत गेलं. लंडनला शिकणारा सव्वीस वर्षांचा तरुण. इकडे त्यांचा लहानगा मुलगा प्रभाकर गेला. जूनमध्ये थोरले बंधू बाबाराव यांना काळ्या पाण्याची जन्मठेप झाली, कवितांची एक पुस्तिका छापली म्हणून! ऑगस्टमध्ये मदनलाल धिंग्रा फासावर गेले. आणि डिसेंबरात ब्रायटनच्या किनाऱ्यावर, शेजारी तरुण निरंजन पाल बसलेले असताना, ‘सागरास’ ही कविता आली. (हेच निरंजन पाल पुढे बॉम्बे टॉकीजच्या चित्रपटांच्या कथा लिहू लागले.)

आता नवल पाहा. कवितेत मुलगा नाही, भाऊ नाही, फाशी गेलेला मित्र नाही. आहे ते फक्त समुद्राशी भांडण. परत आणून सोडीन असं वचन दिलंस आणि फसवलंस, म्हणून त्याला अगस्तीचा धाक घालणारं, लहान मुलासारखं भांडण. स्वतःचं दुःख कवीने नावानिशी सांगितलं असतं, तर ते त्याच्यापाशीच राहिलं असतं. नावं गाळली आणि जागा मोकळी झाली. एकेकाळी मुंबईच्या बोटीवर माणूस पोचवून आलेल्या रत्नागिरीतल्या कुठल्याही घराला त्या जागेत आपलं माणूस ठेवता येतं.

अशी दुःखाची गाणी आपण मुद्दाम का ऐकतो, याचा शोध लिला तारुफी आणि स्टेफान कोल्श या संशोधकांनी घेतला. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत 772 जणांनी उत्तरं दिली. अशा गाण्यांनी मनात काय दाटतं, तर सर्वांत जास्त वेळा उत्तर आलं ते निव्वळ दुःख नव्हे, गेलेल्या दिवसांची ओढ. शिवाय ऐकणाऱ्याला एक मोठी सवलत असते: दुःख पूर्ण जाणवतं, पण आयुष्यात काही खरोखर मोडत नाही.

पण मला सर्वांत थक्क करते ती या गोष्टीची दुसरी बाजू, आणि ती रत्नागिरीतच घडली. अंदमानातल्या शिक्षेनंतर आणि इकडच्या तुरुंगांनंतर, 1924 पासून 1937 पर्यंत सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्याच पश्चिम समुद्राच्या काठी, पण परवानगीशिवाय जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायची मनाई. त्या काळात त्यांनी ‘संन्यस्त खड्ग’ हे नाटक लिहिलं. 1931 साली मास्टर दीनानाथांच्या बलवंत संगीत मंडळीने ते रंगभूमीवर आणलं, चाली वझेबुवांच्या. त्यातली सुलोचना ही नवी नवरी. नवरा तडकाफडकी युद्धावर जातो आणि ती गाते: जन्मोजन्मी शोधून जो क्षण सापडला, तो क्षणात हातचा गेला.

हे पद कुणाचं? 1906 साली सावरकर बोटीने निघाले, तेव्हा तान्ह्या प्रभाकरला घेऊन मागे राहिल्या त्या त्यांच्या पत्नी यमुनाबाई. मूल गेलं तेव्हा नवरा समुद्रापार होता. पुढे नवऱ्याला दोन जन्मठेपा झाल्या. संसार पुन्हा मांडला गेला तो रत्नागिरीत. नाटककाराने तसं कुठे म्हटलेलं माझ्या वाचनात नाही, पण माझं मत ठाम आहे: ब्रायटनच्या किनाऱ्यावर दूर गेलेल्याचं दुःख बोललं, मागे राहिलेलीचं दुःख बोलायला बावीस वर्षं आणि रत्नागिरीचं घर लागलं.

सुलोचनेचं ते पद रंगभूमीवर दीनानाथांनी गाजवलं. 1942 साली ते गेले, तेव्हा त्यांचे चिरंजीव हृदयनाथ जेमतेम साडेचार वर्षांचे होते. ‘सागरास’ला चाल लावली ती याच मुलाने, आणि लता, आशा, उषा, मीना या बहिणी त्याच्याबरोबर गायल्या. वडिलांच्या गळ्यात मागे राहिलेलीचं दुःख, मुलांच्या गळ्यात दूर गेलेल्याचं.

आपण बहुतेकांनी यातलं एकच गाणं मनापासून ऐकलेलं असतं. एकदा दोन्ही लागोपाठ ऐका, आणि सुलोचनेचं आधी.