आवाजाची ‘सवय’ की बहिरेपणाची सुरुवात?

इचलकरंजी, भिवंडी किंवा मालेगावच्या यंत्रमाग कारखान्यात शेजारच्या माणसाशीही हातवारे करून बोलावे लागते. ‘धोट्याच्या आवाजाची सवय झाली,’ असे कामगार सांगतात. कानाला मात्र अशी सवय होत नाही. बरेचदा ऐकण्याची क्षमताच कमी झालेली असते.

आतल्या कानात सूक्ष्म केसपेशी असतात. सततच्या मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि पुन्हा तयार होत नाहीत. आधी उंच पट्टीचे आवाज जातात. त्यामुळे समोरचा बोलतो आहे हे कळते, पण शब्द लागत नाहीत. घरात टीव्हीचा आवाज वाढतो, कानात गुणगुण राहते. दुखत नसल्याने तपासणी राहून जाते.

कारखान्यांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. मागावरची पाळी मात्र अनेकदा बारा तासांची असते. आवाजामुळे येणारा बहिरेपणा कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे.

मालकांनी मागांना वेळेवर वंगण द्यावे, झिजलेले भाग बदलावेत, कामावर घेताना आणि नंतर दरवर्षी कामगारांची श्रवणचाचणी करावी. कामगारांनी कापसाच्या बोळ्यावर विसंबू नये, कानात नीट बसणारे इअरप्लग पूर्ण पाळी वापरावेत. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तो आवाज कानांना धोक्याचा आहे, एवढी खूणगाठ बांधावी. गेलेले ऐकू येणे औषधाने परत मिळत नाही. उरलेले जपता येते.