टेबल भरले, काम अडले!
यवतमाळच्या एखाद्या जिनिंगमधला कारकून डोळ्यांसमोर आणा. गोदामातील प्रत्येक कापूसगाठीची चिठ्ठी त्याच्या टेबलावर हवी. गाठी वाढत गेल्या आणि टेबल चिठ्ठ्यांनी भरले, तर काम अडणारच!

जानेवारी २००४ मध्ये मंगळावरील ‘स्पिरिट’ या गाडीच्या संगणकाचे असेच झाले. साठवणीच्या स्मृतीत फायली इतक्या वाढल्या, की त्यांची नोंद ठेवायला कामाची स्मृती पुरेना. संगणक बंद पडे, पुन्हा सुरू होई, त्याच फायली वाचू लागे आणि परत बंद पडे. असे ६० हून अधिक वेळा घडले!

शास्त्रज्ञांनी पृथ्वीवरून आज्ञा दिली : साठवणीची स्मृती वगळून सुरू हो. संगणक स्थिरावला. म्हणजे दोष तिथेच होता! मग जुन्या फायली पुसल्या. ९० मंगळदिवसांसाठी पाठवलेली ती गाडी २०१० पर्यंत संदेश पाठवीत राहिली. दोष शोधताना तुम्हीही एकेक भाग वगळून पाहा.