गल्ला, बरकत आणि हिशेब

उमापुरात कापडाचा धंदा करणाऱ्या आमच्या पिढीला लहानपणापासून दोन गोष्टी ऐकवल्या गेल्या. गल्ल्यातले पैसे वारंवार मोजू नयेत, बरकत जाते. आणि नात्यातल्या माणसाला उसने देताना कागद मागू नये, त्याचे मन दुखते. सांगणारे बुजुर्ग नेक होते. पण या दोन समजुतींनी जेवढी दुकाने बुडवली, तेवढी मंदीनेही बुडवली नसतील.

आपल्याकडे कापड उधारीवर जाते. शेतकरी कापूस विकल्यावर पैसे देतो. ऊसतोड मजूर मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास कारखान्याकडे निघतो, तो पाडव्याच्या आसपास परततो. इकडे ठोक व्यापाऱ्याचे देणे अंगावर असतेच. म्हणजे गल्ल्यात दिसणारी नोट आपलीच असते असे नाही. मी मात्र वीस वर्षे त्याच गल्ल्यातून घरखर्च करीत आलो. एका रमजानमध्ये जकातीसाठी प्रथमच नीट मोजदाद केली : दुकानातला माल, रोकड, वसूल होण्याजोगी उधारी, आणि त्यातून देणी वजा. दुकान भरलेले होते, पण उरले ते इतके थोडे, की मुलीच्या लग्नाचा ठरवलेला खर्च त्यातून निघत नव्हता. मंडप लहान केला, दावत एकच ठेवली. बिरादरीत चार दिवस कुजबुज झाली. कर्ज मात्र झाले नाही.

अडीच टक्के जकात काढायची, तर हिशेब करावाच लागतो. कुराणातली सर्वांत मोठी आयत, सूरह बकरातली, देणे-घेणे लिहून ठेवण्याबद्दलच आहे. मग भावाकडून कागद घेण्यात लाज कसली?

ठेवीच्या बाबतीतही आपण कागद पाहत नाही, ओळखीचा चेहरा पाहतो. बीडची ज्ञानराधा मल्टिस्टेट २०२३ मध्ये ठेवी परत देईनाशी झाली आणि लाखो ठेवीदार अडकले. बंगळुरूच्या आय. एम. ए. कंपनीने हलाल नफ्याच्या नावाने पैसा गोळा केला. २०१९ मध्ये तिचा प्रमुख दुबईला निघून गेला. व्यापारी बंधूंनी एवढे तरी ध्यानात ठेवावे : बँकेतल्या ठेवीला, खाते बचत असो वा चालू, २०२० पासून ५ लाख रुपयांपर्यंत विमा आहे. पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्यांना हा विमा लागू नाही.

दुकान बंद करताना रोज गल्ला मोजावा. घरखर्चाची रक्कम महिन्याला ठरवून पगारासारखी घ्यावी. आणि वही घरातल्या आणखी एकाला तरी वाचता यावी. माझी सारी खाती उर्दूत आहेत. मुलगा मराठी शाळेत शिकला, त्याला ती वाचता येत नाहीत. गेल्या वर्षापासून येणे-देण्याची पाने मी रोज थोडी थोडी मराठीत उतरवून काढतो आहे. अजून दोन वह्या बाकी आहेत.