दात गेले, आता कवळी की इम्प्लांट?

सगळे दात गेले की आजी-आजोबा भाकरी कुस्करून खातात, शेंगदाणे-काकडी सोडून देतात. वरची कवळी टाळूला धरून बसते. खालची जिभेबरोबर हलते. खरा त्रास खालचीचाच.

पर्याय तीन. साधी कवळी स्वस्त, तिला शस्त्रक्रिया नको. दुसरा मधला मार्ग : खालच्या जबड्यात पुढे टायटॅनियमचे दोन स्क्रू आणि त्यांवर बटणासारखी अडकणारी कवळी. ती रात्री काढून धुता येते. खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय असावा, असे मत कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी २००२ मध्ये मांडले. तिसरा : चार किंवा अधिक स्क्रूंवर पक्के दात. खर्च सर्वांत जास्त, सफाई कठीण.

स्क्रू हाडात पक्का व्हायला साधारण तीन महिने लागतात. नुसते वय आड येत नाही. आड येतात न आवरलेली साखर, तंबाखू, मिश्री, बिडी. हाडे ठिसूळ होण्यावरचे औषध किंवा इंजेक्शन चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

दागिने गहाण टाकण्यापूर्वी मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयात तपासणी करून घ्या, दर विचारा. पोटभर चावून खाणे हा म्हातारपणाचाही हक्क आहे.