पाठीतील पाण्याची तपासणी : गैरसमज व वस्तुस्थिती

अनेक दिवसांची डोकेदुखी, ताप, उलट्या व अंधुक दिसणे अशा तक्रारींसह एच.आय.व्ही.बाधित रुग्ण दाखल झाला, की डॉक्टर पाठीतील पाणी तपासण्याचा सल्ला देतात. आणि नेमक्या त्याच संमतीपत्रावर सही करण्यास नातेवाईक कचरतात. ‘पाठीतले पाणी काढले की माणूस कायमचा लुळा होतो’ ही समजूत ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत सुशिक्षित कुटुंबांतही आढळते. म्हणून हा लेखनप्रपंच.

मेंदू व मज्जारज्जूभोवती सुमारे १५० मिलिलिटर द्रव असतो आणि शरीर दररोज जवळपास ५०० मिलिलिटर नवा द्रव तयार करते. तपासणीसाठी घेतलेला अल्पसा द्रव काही तासांतच भरून निघतो; हा जमाखर्च माझ्यासारख्या वाणिज्य पदवीधरालाही पटला. सुई टोचतात ती कमरेत, मज्जारज्जू संपतो त्याच्याही खाली. मात्र एक बाजू लुळी पडली असेल वा शुद्ध हरपत असेल, तर आधी सी.टी. स्कॅन करतात. टॉक्सोप्लाझ्मोसिसच्या गाठींमुळे मेंदूस सूज आली असल्यास ही तपासणी टाळावी लागते.

क्षयाचा मेंदूज्वर व क्रिप्टोकॉकस या बुरशीचा मेंदूज्वर यांची लक्षणे सारखी, औषधे मात्र सर्वस्वी भिन्न. निवाडा या पाण्यातूनच होतो. ही बुरशी कबुतरांच्या विष्ठेत आढळते व श्वासावाटे शरीरात शिरते. सी.डी.४ पेशी १०० च्या खाली गेल्या, की ती मेंदू गाठण्याचा धोका फार वाढतो. रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यास तिची लागण होत नाही. या विकारात कवटीतील दाब वाढून दृष्टी व प्राण दोन्ही धोक्यात येतात. तेव्हा पुन्हा पुन्हा पाणी काढणे हाच उपचाराचा भाग ठरतो.

अ‍ॅम्फोटेरिसिन-बी हे यावरील प्रमुख औषध. २०२१ मध्ये म्यूकरमायकोसिसच्या साथीत ज्याच्यासाठी धावाधाव झाली, तेच हे. त्याचा लायपोसोमल प्रकार महाग आहे. एच.आय.व्ही.वरील औषधे शासनाच्या ए.आर.टी. केंद्रांतून २००४ पासून विनामूल्य मिळतात. परंतु बुरशीचा उपचार सुरू झाल्यावर ती चार ते सहा आठवडे थांबून दिली जातात, कारण घाई केल्यास मेंदूची सूज बळावू शकते. नातेवाईकांना हा विलंब हलगर्जीपणा वाटतो. तो तसा नाही.

अशा रुग्णाची हकिकत वा छायाचित्र अहवालात असावे, अशी अपेक्षा काही देणगीदार व्यक्त करतात. २०१७ च्या एच.आय.व्ही. व एड्स कायद्यानुसार, जो सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, रुग्णाच्या लेखी संमतीवाचून त्याची ओळख उघड करता येत नाही. या साहाय्याच्या हिशेबात म्हणून केवळ औषधे व तपासण्यांच्या रकमा दाखविल्या जातात.