सोनघंटा
सोनघंटा (शास्त्रीय नाव: ॲब्युटिलॉन रानडेई) हे भेंडी कुलातील (माल्व्हेसी) एक दुर्मीळ झुडूप आहे. ते महाराष्ट्रातील सह्याद्रीत प्रदेशनिष्ठ असून कोल्हापूर-रत्नागिरी मार्गावरील आंबा घाट हे त्याचे सुपरिचित स्थान होय.

इतिहास: पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील वनस्पतिसंग्रहाचे रक्षक ना. बा. रानडे यांच्या सन्मानार्थ या जातीस ‘रानडेई’ हे नाव देण्यात आले. वुड्रो व श्टाप्फ या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८९४ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले.

वर्णन: पाने हृदयाकृती, टोकाशी निमुळती व लवयुक्त असतात. हिवाळ्यात पानांच्या बगलेत घंटेसारखी लोंबती फुले येतात. पाकळ्या पिवळसर नारिंगी असून त्यांवर तांबूस जांभळ्या शिरांची जाळी दिसते. केसरतंतू जुळून त्यांची नळी होते. जास्वंद, भेंडी व कापूस यांतही हेच लक्षण आढळते.

तुलना: याच प्रजातीतील मुद्रा किंवा पेटारी (ॲब्युटिलॉन इंडिकम) भंडारा जिल्ह्यासह राज्यभर पडीक जागी व रस्त्याकडेला सहज उगवते. सोनघंटेस मात्र घाटमाथ्यावरील मोजके डोंगरउतारच मानवतात.

संवर्धन: झुडपांचे समूह लहान व परस्परांपासून दूर आहेत. त्यामुळे एखादा वणवा, अतिचराई किंवा रस्तारुंदीकरण यांमुळे संपूर्ण समूह नष्ट होऊ शकतो. ही जाती अन्यत्र नैसर्गिक अवस्थेत आढळत नसल्याने सह्याद्रीतून ती नाहीशी होणे म्हणजे जगाच्या वन्य वनश्रीतूनच नाहीशी होणे होय. म्हणून बियांपासून रोपे तयार करण्याबरोबरच मूळ अधिवासाचे रक्षणही अत्यावश्यक आहे.