शेंगदाणा पेशी ओळखतो तो कसा

घराघरांत कुळीथ आणि शेंगदाणे असतातच. रक्तपेढीतही कुळीथ असतो, फक्त बाटलीत: ‘अँटी-ए-वन लेक्टिन’ नावाने. लेक्टिन म्हणजे ठरावीक साखर धरून ठेवणारे प्रथिन. जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी १९५१ मध्ये बंगळूरच्या ‘करंट सायन्स’मध्ये कुळिथाच्या अर्काचा हा गुण नोंदवला. ए रक्तगटाच्या दोन उपगटांपैकी ए-वन पेशींवर त्याला हवी ती साखर दाट असते, ए-टूवर विरळ. म्हणून अर्क नेमका पातळ केला की ए-वनच्या गुठळ्या होतात, ए-टूच्या होत नाहीत. सगळी करामत त्या पातळ करण्यात आहे. मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये नोंदवलेला ‘बॉम्बे’ रक्तगटही असाच पारखता येतो. त्या पेशींवर एच हा घटकच नसतो, त्यामुळे एच ओळखणारा युलेक्स झुडपाच्या बियांचा अर्क त्यांच्या गुठळ्या करत नाही.

हीच युक्ती रोगप्रतिकारक पेशींवरही चालते. टी-पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होतात. तिथल्या कच्च्या पेशींच्या साखरसाखळीचे टोक उघडे असते आणि शेंगदाण्याचे लेक्टिन त्याला चिकटते. पेशी पक्व झाली की त्या टोकावर सियालिक आम्ल बसते, मग शेंगदाण्याला ती ओळखू येत नाही. ते आम्ल विकराने काढले की पुन्हा चिकटते! सोयाबीनने तर उपचारातही मदत केली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या बालकांसाठी दात्याची अस्थिमज्जा सोयाबीनच्या लेक्टिनमधून काढत. पक्व पेशींच्या गुठळ्या तळाशी बसत, मूळपेशी वर मोकळ्या राहत. उरलेल्या टी-पेशी मेंढीच्या तांबड्या पेशींच्या मदतीने काढून टाकत.

प्रयोगाची रीत साधी वाटते. दाणे वाटायचे, क्षारद्रावणात भिजवायचे, गाळून सेंट्रिफ्यूज करायचे. वरचे स्वच्छ पाणी म्हणजे कच्चा अर्क. त्यातून लेक्टिन वेगळे करून त्याला चमकणारा रंग जोडतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून धुतात, लेक्टिनबरोबर ठेवतात, पुन्हा धुतात आणि फ्लो सायटोमीटरमधून एकेक सोडतात. लेसरखाली ज्या चमकतील त्यांनी लेक्टिन धरले. एक नळी मात्र सोडायची नाही: तिच्यात भरपूर गॅलॅक्टोज घालायची. तिथे चमक विझली, तरच ती साखरेमुळे होती असे म्हणता येते.

आणि इथेच उत्साही मंडळी घसरतात. सीडी-४, सीडी-८ ही पेशींवरच्या प्रथिनांची नावे आहेत. लेक्टिन प्रथिन ओळखत नाही, त्यावरची साखर ओळखते. तीच साखर सीडी-४५, सीडी-४३, सीडी-८ अशा कितीतरी प्रथिनांवर असते. शेंगदाण्याचे लेक्टिन लसिका ग्रंथींतल्या वाढत्या बी-पेशींनाही चिकटते. त्यामुळे ‘पानांच्या अर्काने सीडी-४ मोजले’ असे कुणी म्हटले, तर मोजणी प्रतिपिंडाने केली का, हे आधी विचारावे. अर्काने पेशींवर परिणाम केला आणि मोजणी प्रतिपिंडाने झाली, असेच बहुधा घडलेले असते. हिरव्या पानांच्या अर्कात आणखी एक गोम आहे. हरितद्रव्य लेसरखाली स्वतःच लाल चमकते, आणि यंत्राला ते व पेशीवरचा रंग यांतला फरक नेहमी कळत नाही. म्हणून अर्क घातलेल्या पण रंग न लावलेल्या पेशींची नळीही त्याच रांगेत चालवावी लागते.